चुकीला डावा-उजवा पाय नसतो

१

सकाळी साडेआठला केंद्रात पोचायचं, पहिला रुग्ण येईपर्यंत पाऊण तास मिळतो तेवढ्यात संगणक उघडायचा आणि संख्याशास्त्राच्या मंचावर टाकलेल्या आपल्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलंय का ते बघायचं, असा चिमीचा महिनाभराचा नेम झाला होता. उत्तर नसायचंच. असायचा तो शहाणपणा.

"आधी शोधा, मग विचारा," एकाने लिहिलं होतं. दुसऱ्याने तिच्या प्रश्नातले तीन शब्द कसे चुकीचे वापरलेत ते सविस्तर दाखवलं होतं आणि प्रश्नाला हात लावला नव्हता. तिसऱ्याचं म्हणणं, हे मॉडेलच मुळात वापरू नये. चौथ्याचं म्हणणं, तिसऱ्याला काही कळत नाही. मग त्या दोघांची अशी जुंपली की सत्तावीस प्रतिसाद झाले, आणि चिमी आपली ज्याचं लग्न त्यालाच कुणी विचारत नाही तशी कोपऱ्यात उभी.

आज बुधवारी तर कहर होता. 'हा प्रश्न बंद करण्यात आला आहे. कारण: हा पूर्वी विचारला गेला आहे.' खाली दुवा दिला होता. तिने आशेने तो उघडला. तो तिचाच मागच्या आठवड्यातला प्रश्न निघाला. तोही बंद. कारण: प्रश्न स्पष्ट नाही.

"मेल्यांनो," चिमी पडद्याला म्हणाली.

चिमी म्हणजे काही लहान मुलगी नव्हे. शेहेचाळीस वर्षांची, वीस वर्षं लोकांना पुन्हा चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट. केंद्रात सगळे मॅडम म्हणत. चिमी हे नाव मोठ्या भावाने ठेवलेलं आणि घरात चिकटलेलं. एवढ्या वयात तिने डॉक्टरेटचं लोढणं गळ्यात बांधून घेतलं होतं. विषय सोपा होता. अर्धांगाच्या झटक्यानंतर माणसाची चाल कशी सुधारते, ते मोजायचं. केंद्राच्या लांब मार्गिकेत बारा मीटरची एक रबरी मॅट अंथरलेली होती. तिच्या पोटात दाब ओळखणारी बटणं. पाय पडला की पलीकडच्या खोलीतल्या संगणकावर नोंद व्हायची: कुठे पडला, केव्हा पडला, किती वजनाने पडला. बारा रुग्ण, दहा मंगळवार. नऊ मंगळवार झाले होते.

अकरा जणांचे आकडे शहाण्या मुलांसारखे मॉडेलमध्ये, म्हणजे चालीच्या गणिती साच्यात, बसत होते. नवव्या क्रमांकाचा रुग्ण घातला की सगळं कोलमडायचं. संगणक दहा मिनिटं घुमायचा आणि सांगायचा, जमत नाही.

नववा रुग्ण म्हणजे तिचा दादा.

२

कॉलेजात विचारायची सोय नव्हती असं नाही. पण संख्याशास्त्राच्या बाई सहा महिन्यांच्या रजेवर, आणि त्यांच्या जागी आलेले गृहस्थ काहीही विचारलं तरी सरासरी काढून द्यायचे. मार्गदर्शक सरांचं एकच पालुपद: "बाई, पंधरा दिवसांत प्रबंध हातात हवा. तिसरी मुदतवाढ मी मागणार नाही. मलाही तोंड दाखवायचं आहे." नवऱ्याला सांगावं तर तो म्हणे, "आकडे वाकडे असतील तर सरळ कर की, तुझा धंदाच तो."

त्यामुळे बंद झालेल्या प्रश्नाखाली त्या दिवशी दुपारी एक नवी ओळ दिसली, तेव्हा तिला आधी वैतागच आला. टोपणनाव होतं 'जुना खडू'.

"मॉडेल नको. कच्चे आकडे पाठवा. नवव्याचेच."

नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिने त्या नावाचे जुने प्रतिसाद चाळले. पंधरा वर्षांत हजारभर उत्तरं, सगळी दोन-तीन ओळींची, सगळी बरोबर. कुणीतरी निवृत्त प्राध्यापक असावा, एकाला त्याने लिहिलं होतं, "तुमचा आलेख बघून माझा चष्मा लाजला." तिने दादाचं नाव-गाव काढून फाइल पाठवून दिली.

गुरुवारी सकाळी उत्तर आलं.

"फाइलमध्ये दोघांची पावलं आहेत. दोघं एकाच वेळी का चालवलेत?"

चिमीने डोक्याला हात लावला. तिने लिहिलं, की मॅटवर एका वेळी एकच माणूस असतो, मी स्वतः बाजूला उभी असते. तुम्ही ज्यांना दुसरी पावलं म्हणताय, ते हलके ठिपके म्हणजे यंत्राची गडबड आहे. मॅट दाबली जाते, मग वर येते, त्याची उरलेली चूक. सगळ्याच यंत्रांत असते.

पाच मिनिटांत उत्तर.

"चुकीला डावा-उजवा पाय नसतो. ह्याला आहे."

३

ती पहिला रुग्ण आटोपून थेट मार्गिकेत गेली.

मार्गिकेला खिडक्या नव्हत्या. दोन्ही टोकांना काचेची दारं, वर पांढऱ्या नळ्या, भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर धरायची दांडी. मॅटवरून चालताना थप-थप असा ओलसर आवाज यायचा आणि मॅट संपली की फरशीवर त्याची टकटक व्हायची. वीस वर्षं हेच आवाज ऐकल्यामुळे पाठमोरी असली तरी तिला कळायचं, कोण चाललंय आणि कुठला पाय ओढतंय.

"मॅटमध्ये दोष आहे का बघा हो," तिने वायरमनला सांगितलं. वायरमन म्हणजे केंद्रातले तंत्रज्ञ, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले; गळ्यात कायम एखादी वायर माळेसारखी असायची म्हणून हे नाव.

"मॅडम, मॅट आहे, भूत नव्हे. दोष असता तर सगळ्यांच्यात दिसला असता," वायरमन कुरकुरले, पण कामाला लागले. त्यांनी मॅट गुंडाळून उलटी अंथरली. वाळूची पिशवी टाकून पाहिली. मग स्वतः चालले. मग चिमी चालली, आधी सरळ, मग दादासारखा उजवा पाय ओढत. पडद्यावर एकेकट्या पावलांची स्वच्छ रांग उमटली. मागे काही नाही.

"झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली. झालं नव्हतं. कारण मग तिने दादाची नऊ मंगळवारांची नोंद एकाखाली एक लावली, आणि वायरमन चष्मा कपाळावर चढवून तिच्या खांद्यावरून बघत राहिले.

दादाची पावलं निळी. त्यांच्या मागे फिकट पिवळे ठिपके. पहिल्या मंगळवारी ते अडखळत होते, दोन इकडे, एक तिकडे, मध्येच नाहीसे, नुकतं उभं राहायला लागलेलं मूल चालावं तसे. तिसऱ्या मंगळवारी रांग लागली. सहाव्या मंगळवारी डावा, उजवा, डावा, उजवा. दादा मॅटवरून उतरल्यावरही ते मागून येत होते, आणि शेवटपर्यंत येऊन उतरत होते.

"कॉम्प्युटरचं काय सांगावं," वायरमन म्हणाले आणि गळ्यातली वायर उगाच सारखी करत निघून गेले. पण त्या दिवशी जेवायच्या सुट्टीनंतर मार्गिकेतून पलीकडे जायचं होतं, तर ते बाहेरून, अंगणातून वळसा घालून गेले. चिमीने पाहिलं.

४

शनिवारी तिने तेच केलं जे कुठलाही कावलेला माणूस करेल. पिवळे ठिपके उडवले.

चारशे दहा ओळी. निवडल्या, पुसल्या. मॉडेल लावलं. इतके दिवस दहा-दहा मिनिटं घुमणारा संगणक क्षणात उत्तर देऊन मोकळा झाला. सगळं जुळलं! ती खुर्चीतच मागे रेलून हसली. एवढंच होतं तर एवढा महिना कशाला घालवला? तिने चहा मागवला, बिस्किट बुडवलं, आणि मग आलेख पाहिला.

बारापैकी अकरा रेषा वर चढत होत्या. दादाची आडवी होती.

दादा सुधारतच नव्हता. नऊ आठवडे ती घरी-दारी सांगत होती, की दादाची प्रगती सगळ्यांत छान आहे. सरांनीही तो आलेख दोनदा कौतुकाने पाहिला होता. ती चढण पिवळ्या ठिपक्यांची होती. यंत्र दोघांची मिळून एक चाल धरत होतं. सुधारत होतं ते मागचं.

चहा गार झाला. तिने जुन्या खडूला लांबलचक, तिरसट पत्र लिहिलं. त्यात शेवटी असं वाक्य होतं: "तुम्ही काहीतरी भलतंच सुचवताय आणि माझ्याकडे त्यासाठी वेळ नाही." पाठवून दिल्यावर तिला जरा बरं वाटलं.

उत्तरात नुसता फोन नंबर होता. आणि, "उद्या दुपारी चार. लिहून कळणार नाही."

५

"बाई, मी काहीही सुचवत नाही," फोनवरचा आवाज म्हणाला. म्हातारा, कोरडा, दर दोन वाक्यांमागे घसा खाकरणारा. "आयुष्यभर मी सुचवलेलं नाही. मी आकडे बघतो. तुम्ही कागद-पेन्सिल घेतलीय का?"

"घेतलीय."

रविवार होता. नवरा बाजारात गेला होता. चिमी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. बाहेरच्या खोलीत दादा रेडिओवर सामना ऐकत होता.

"पहिल्या मंगळवारी पहिल्याने पाय ठेवला, त्यानंतर किती सेकंदांनी दुसऱ्याने ठेवला? मी सांगतो. सत्तावीस. दुसऱ्या मंगळवारी चोवीस. पुढे एकवीस. लिहा. दर आठवड्याला तीन कमी. परवाच्या मंगळवारी, नवव्या, तीन."

तिने लिहिलं. पुढचा आकडा लिहायला पेन्सिल आपोआप वळली आणि तिने ती थांबवली.

"पुढचा लिहू नका," तो म्हणाला, जसं काही त्याला दिसत होतं. "हातात आहे त्याच्या पलीकडे रेघ ओढायची नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवत होतो."

"अहो, पण मंगळवारी दहावी नोंद आहे माझी!"

"ते तुमचं तुम्ही बघा." खाकरणं. "दुसरी गोष्ट. वजनाचा स्तंभ पाहिलात?"

"दादाचं वजन कमी झालंय. मी गोड बंद केलंय त्याचं."

"पहिल्या मंगळवारी ह्याचं बहात्तर, त्याचं जवळजवळ काहीच नाही. नवव्याला ह्याचं त्रेसष्ट. त्याचं किती?"

ठिपके पुसताना तिने तो स्तंभ पाहिलाच नव्हता.

"नऊ. मधल्या सगळ्या आठवड्यांची बेरीज करा. मी केली. दर वेळी बहात्तर. आणि सारख्या वेगाने नाही जात ते. सुरुवातीला पाव-पाव किलो. गेल्या दोन मंगळवारांत पाच."

बाहेर रेडिओवर कुणीतरी बाद झालं. दादा "अरेरे" म्हणाला.

"तुम्ही आधी पाहिलंय का असं?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "कुठे? कुणाच्या आकड्यांत?"

पलीकडे त्याने घसा खाकरला, दोनदा.

"बाई, मी एकटा राहतो. मला रात्रीचं घरात फिरावं लागतं," तो म्हणाला. "ह्यापुढे मला फाइल पाठवू नका." फोन ठेवला गेला.

चिमीने पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. "अर्धवट सांगून पळायचं, ही कुठली रीत?" ती ओट्याला म्हणाली, आणि रागाने रडूच आलं तिला.

६

दादा तीस वर्षं टपाल वाटत चाललेला माणूस. लग्न केलं नाही. "आपल्या नावाचं पत्र कधी आलंच नाही," म्हणायचा. झटका आल्यावर चिमीने त्याला आपल्याकडे आणलं, त्याला सात महिने झाले होते. उजव्या पायाबद्दल तो म्हणे, "ह्याला पत्ताच सापडत नाही जमिनीचा."

सामना संपल्यावर ती त्याच्यासमोर वेताच्या मोड्यावर बसली. "दादा, मॅटवर चालताना तुला काही वेगळं वाटतं का रे?"

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे... काहीही."

त्याने रेडिओ बंद केला. बारीक झाला होता तो, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. हे तिला इतके दिवस का दिसलं नाही? दिसलं होतं. तिने ते चांगलं म्हणून पाहिलं होतं.

"घाई करतं ते मागून," दादा म्हणाला.

"कोण?"

"मला काय ठाऊक? मला मान वळवता येते का? काउंटरला रांगेत मागचा माणूस कसा खेटतो, श्वास नाही, धक्का नाही, पण कळतं ना? तसं." मग जरा थांबून, "पण वाईट नाही गं ते. नवखं आहे. आधी फार धडपडायचं बिचारं. आता छान टाकतंय पाय. माझ्यामुळेच अडतंय."

"तू मला बोलला का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, दादा भ्रमलाय. गोळी वाढवली असतीस." तो हसला, अर्ध्या तोंडाने. "वाढवली असतीस की नाही, चिमे?"

वाढवली असती. तिला ते खरं बोलवेना आणि खोटंही बोलवेना. ती उठून त्याच्या खांद्यावरची शाल नीट करू लागली.

"मंगळवारी आपण जायचं नाही," ती म्हणाली.

"का? दहावा आहे. एकच राहिलाय."

"जायचं नाही म्हटलं ना!"

"तुझी ती पदवी?"

"गेली खड्ड्यात."

दादा तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर निराशा होती, लहान मुलाची सहल रद्द व्हावी तशी, आणि तिला ती अजिबात आवडली नाही.

सोमवारी तिने सरांना फोन केला. नवव्या रुग्णाची शेवटची नोंद घेता येणार नाही, तब्येत बरी नाही. सर उखडले. "बाई, आहे त्यातले बरे आकडे तुमच्या भावाचेच तर आहेत! एक दिवस चालवा, व्हीलचेअरवर आणा हवं तर." तिने सांगितलं, नाही. सर म्हणाले, "मग तुमचं तुम्ही बघा." दोन दिवसांत हे वाक्य तिला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं होतं.

७

मंगळवारी तिने रजा टाकली. नवरा कामावर गेल्यावर दाराला कडी घातली. दादाला आंघोळ घातली, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, हातात वर्तमानपत्र दिलं, आणि काठी उचलून आतल्या खोलीत ठेवली.

"तुरुंग झाला हा," दादा म्हणाला.

"हो. आणि मी जेलर. वाच गुपचूप."

ती समोर भाजी निवडत बसली. ऊन खिडकीतून फरशीवर उतरलं होतं. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. दादा मधूनमधून बातम्या मोठ्याने वाचून दाखवत होता आणि त्यांतल्या चुका काढत होता. अकरा वाजायला आले, दर मंगळवारी दादा मॅटवर चढायचा ती वेळ, तशी तिची बोटं भाजीवरून चालेनाशी झाली. पण दादा इथे होता, समोर, हाताच्या अंतरावर, शब्दकोडं सोडवत. आपण दोन शिकल्यासवरल्या माणसांनी आकड्यांवरून काय हे डोक्यात घेतलं, असं तिच्या मनात आलं, आणि रविवारनंतर प्रथमच ती मोकळेपणाने हसणार, एवढ्यात फोन वाजला. वायरमन.

"मॅडम, तुम्ही तर रजेवर म्हणाला होतात. दादांना पाठवलंत होय? सांगायचं तरी."

"कुणाला पाठवलंय?"

"दादांना. मी मॅट तपासायला चालू केली, आणि नोंद यायला लागली. नववा क्रमांक. मी पडद्यासमोर आहे, पलीकडच्या खोलीत. काय सुरेख चालताहेत हो! काठी नाही, ओढणं नाही. डावा-उजवा सारखा. शाब्बास म्हणायला पाहिजे तुम्हाला."

चिमीला त्यांच्या आवाजामागे तो आवाज ऐकू आला. थप. थप. थप. थप. ओलसर, एकसारखा, न अडखळणारा.

"एकच रांग आहे?" ती म्हणाली. "मागे काही नाही?"

"काही नाही. स्वच्छ. आणि वजन पण पहिल्यासारखं भरलंय, बहात्तर. दार उघडून शाबासकी देऊन येऊ का?"

"नको!" ती इतक्या जोरात ओरडली, की खाली पाण्याचा आवाज थांबला. "नको. मॅट बंद करा. आत्ता."

खटका पडल्याचा आवाज आला. "केली बंद." मग, बऱ्याच हळू, "मॅडम, ते थांबले नाहीत."

थप-थप संपून टकटक सुरू झाली होती. फरशी. मग काचेचं दार.

"बाहेर पडले," वायरमन म्हणाले. ते बहुधा खिडकीशी गेले होते. "अंगणातून चाललेत. पाठमोरे दिसताहेत. तुमच्या घराच्या रस्त्यानेच. चालतच निघाले की काय एवढं लांब? गाडी थांबवून देऊ का त्यांना?"

चिमीने फोन कानापासून दूर केला. तिला दादाकडे बघायचं होतं आणि बघायचं नव्हतं.

दादा खुर्चीत होता. वर्तमानपत्र मांडीवर, पेन हातात. तोच चेहरा, तेच अर्धं हसू. तिची नजर खाली गेली, खुर्चीच्या स्पंजच्या गादीवर. सकाळी तो बसला तेव्हा ती नेहमीसारखी खोल दबली होती. आता ती हळूहळू वर येत होती. कडेने फुगत, मधून भरत, कुणी उठून गेल्यावर येते तशी. आणि दादा तिच्यावर बसलेलाच होता.

"कोणाचा फोन?" दादाने विचारलं.

८

केंद्र ते घर, बऱ्या माणसाला चालत पस्तीस मिनिटं लागतात.

तिने नवऱ्याला फोन केला. तो बैठकीत होता, म्हणाला नंतर करतो. जुन्या खडूला केला, वाजत राहिला. मग तिने फोन बाजूला ठेवला. कडी पुन्हा पाहिली. कुठे जावं, तर दादाला जिना उतरवायचा कसा, आणि जायचं कुठे, हेच समजेना. गाडी बोलवावी? कुठे न्या म्हणावं? इतकी वर्षं लोकांना ती सांगत आली होती, घाबरू नका, एकेक पाऊल. आता तिचं पाऊल उचलत नव्हतं.

ती दादाच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. हात ऊबदार होता. त्याला वजन नव्हतं. झाडावरून पडलेलं पान धरावं तसा होता तो.

"दुखतंय का रे काही?"

"नाही गं. उलट पाय हलका वाटतोय. उजवाही." त्याने तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला; तिला तो ठेवल्याचं दिसलं, कळलं नाही. "रडतेस काय, वेडे? ते येतंय ना, ते काही चोर नाही."

"मग कोण आहे ते?"

दादा विचारात पडला. खरोखरच आठवून बघत असावा, असा त्याचा चेहरा झाला. मग तो म्हणाला, "मला वाटतं, ते मला ओळखत नाही. पण माझी चाल त्याला येते."

खाली जिन्याचं फाटक वाजलं.

चिमीने हजार माणसांची चाल ऐकली होती. जिन्यावरून येणारी ही चाल तिला कुणाचीच वाटली नाही आणि दादाचीही वाटली. टपाल वाटायच्या दिवसांतली, चार-चार मजले न दमता चढणारी. डावा, उजवा. डावा, उजवा. घाई नाही. कुठेही ओढणं नाही. तिने शिकवलेलं सगळं त्या पावलांत होतं, टाच आधी, मग चवडा, मग भार पुढे. इतकी निर्दोष चाल तिने कधी ऐकली नव्हती.

दादा उठू लागला. काठीशिवाय, दांडीशिवाय, हात न टेकता तो खुर्चीतून असा वर आला जसा पडदा वाऱ्याने वर यावा. चिमीने झडप घालून त्याला कमरेला मिठी मारली आणि दोन्ही हात एकमेकांत घट्ट अडकवले. त्याला धरून ठेवायला जोर लागत नव्हता. जोर लागत होता तो मिठीत काहीतरी आहे हे मानायला.

पावलं दाराबाहेर येऊन थांबली. घंटा वाजली नाही. दाराखालच्या फटीतल्या उजेडात दोन पावलांच्या सावल्या होत्या, शेजारी-शेजारी, सारखा भार देऊन उभ्या.

"सोड आता, चिमे," दादा म्हणाला. अगदी मायेने.

तिने सोडलं नाही.